पावसाळ्यानंतर दार बघायला कोण येणार?

बेळगावात मिरगाचा पाऊस जमला की आठ-पंधरा दिवसांत दारं जड होतात. कालपर्यंत एका बोटानं लागणारं न्हाणीघराचं दार खांदा लावल्याशिवाय मिटत नाही, कपाटाचा खण अर्ध्यावर अडकतो, देवघराची झडप वरच्या अंगाला घासते. आमच्या लहानपणी त्याची कुणाला धास्ती नसायची. आई दाराला हिसका देत म्हणायची, "मामांना सांगून ठेवलंय." मामा म्हणजे आमचे सुतारमामा. पण ते लगेच यायचे नाहीत. भर पावसात रंधा मारला तर चैत्र-वैशाखात तिथंच बोटभर फट पडते, हे त्यांना पक्कं माहीत होतं. दसऱ्याच्या आसपास, हवा कोरडी व्हायला लागली की यायचे, दार बिजागरीतून काढून ओसरीवर आडवं टाकायचे, कडेवरून हात फिरवून नेमकी घासणारी जागा शोधायचे आणि तेवढ्याच जागी दोन हात रंधा मारायचे. पातळ गुंडाळ्या ओसरीभर पसरायच्या, त्या आम्ही पोरं गोळा करायचो. ते दार त्यांनीच घडवलं होतं, त्यामुळं त्याचं दुखणंही त्यांचंच होतं.

पुढं मी टिळकवाडीत फ्लॅट घेतला. घरात सगळ्यांचं मत पडलं की स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीतलं कपाट एखाद्या मोठ्या शहरातल्या कंपनीकडून करून घ्यावं. मीही हो म्हटलं. त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं, रंग बदलून दाखवले, हप्त्यांची सोय करून दिली. दिलेल्या तारखेला माल आला, त्यात एका दिवसाचीही चूक नव्हती. फिटिंगला दोन तरुण पोरं आली, अंगात कंपनीचे टी-शर्ट. बोलायला लागली तेव्हा कळलं की दोघंही खानापूर तालुक्यातली. एकाच्या आज्यानं आयुष्यभर बैलगाड्या आणि पेरणीच्या कुरी घडवल्या होत्या. आमची पश्चिमेकडची भिंत किंचित गुण्याबाहेर, म्हणजे वाकडी, आहे, त्यामुळं कपाट आणि भिंतीत वर अर्ध्या इंचाची फट राहत होती. मी म्हटलं, कडेची फळी जरा तासून भिंतीला बसती करा. तो पोरगा ओशाळून म्हणाला, "काका, आमच्या हातात काय न्हाई ओ. तिकडनंच कापून आलंय. एक सूत बी हलवायला परवानगी न्हाई." आणि त्यानं ती फट पांढऱ्या सिलिकॉननं भरून टाकली.

त्या वाक्याचा अर्थ मला पहिल्या पावसाळ्यात कळला. बेळगावचा पाऊस पश्चिमेकडून येतो आणि सरळ भिंतीवर आपटतो. ऑगस्टमध्ये कपाटाच्या पाठीला काळी बुरशी धरली, कारण पाठ भिंतीला चिकटवून बसवली होती, मागं हवेला वाट नव्हती. सिंकच्या खालची फळी कडेनं पावासारखी फुगली. एके दिवशी झडप उघडली तर बिजागरी स्क्रूसकट हातात आली, आणि भोकातून ओला भुसा सांडला. फोन केला, फोटो पाठवले, तक्रार क्रमांक मिळाला. "सध्या तुमच्या भागात आमचा माणूस नाही," असं उत्तर आलं. अडीच महिन्यांनी माणूस आला. त्यानं बघितलं, लिहून घेतलं आणि सांगितलं की ओलीमुळं झालेलं नुकसान हमीत बसत नाही.

ते दोन पोरगे तीस-चाळीस किलोमीटरवर राहत होते. त्यांना दुरुस्ती येत होती. पण ते काम त्यांचं नव्हतं. त्यांच्यापर्यंत पोचायला मला दुसऱ्या शहरातल्या एका क्रमांकावरून जावं लागत होतं, आणि तिथं ते सापडत नव्हते.

म्हणून मला वाटतं, घरात कायमचं बसवायचं लाकूडकाम, म्हणजे कपाटं, स्वयंपाकघरातली खणं, देवघर, दारं, हे आपण आपल्या भागातल्या कारागिराला द्यावं. आणि त्याचा दर थोडा चढा पडला तरी तो राजीखुशीनं द्यावा. तो चढा दर कशाचा, हे समजून घेतलं तर तो चढा वाटणार नाही. माप घेणारा, कापणारा, बसवणारा आणि दसऱ्याला परत येणारा माणूस एकच असण्याचे ते पैसे आहेत.

इथं एक गोष्ट आधीच सांगायला हवी. सीमाभागात 'आपला' म्हटलं की गाडी लगेच भाषेवर जाते. मी मराठी माणूस आहे, आणि १९५६ पासून इथल्या मराठी माणसानं काय सोसलं ते माझ्या घरानंही सोसलंय. पण लाकडाच्या बाबतीत मला त्या शब्दाचा अर्थ वेगळा घ्यायचा आहे. जो आपल्या भागात सापडतो आणि ज्याला पुढच्या वर्षी बाजारात आपल्याला तोंड दाखवायचं असतं, तो आपला. गोकाक-बैलहोंगलकडचे बडिगेर, म्हणजे कानडी सुतार, पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले, ते आपले. राजस्थानातून वीस-पंचवीस वर्षांपूर्वी येऊन इथंच घर केलेले सुथार, ज्यांची पोरं इथल्या शाळेत शिकतात आणि ज्यांची बेळगावी मराठी आपल्यापेक्षा ठसकेबाज आहे, तेही आपले. आमच्या शेजारच्या घरी एक काम झालं त्यात लाकूडकाम मराठी सुताराचं, पॉलिश उर्दू बोलणाऱ्या कारागिराचं, काच बसवणारा कन्नड. दुपारी तिघं एकाच ओट्यावर डबे सोडून बसायचे. असं काम या भागात शतकभर चालत आलंय.

आता मुद्दा ज्ञानाचा. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. म्हणून जुन्या दारात चौकटीच्या खाचेत दिलहा, म्हणजे मधली फळी, सैल बसवायचे, त्याला सरस लावायचे नाहीत. पावसात दिलहा फुगला तर त्याला सरकायला जागा असायची, चौकट जागची हलायची नाही. हे कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. आता कुठल्या गावात ही हालचाल किती होते, ते ज्याच्या त्याच्या गावावर आहे. आमचा एकच जिल्हा घ्या. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीत, जांबोटीत चार महिने कपडे वाळत नाहीत. आणि याच जिल्ह्यात अथणी आहे, जिथं शेतकरी आभाळाकडं डोळे लावून बसतो. एकाच मापाचं, एकाच साच्यातून निघालेलं कपाट दोन्हीकडं सारखं वागेल, ही कल्पनाच चुकीची आहे. खानापूरचा सुतार कपाटाची पाठ भिंतीपासून बोटभर पुढं घेतो, तळाशी चार इंचाचा पाया देतो, पश्चिमेची भिंत असेल तर आधी विचारतो, "प्लास्टर किती वर्सांचं?" अथणीकडच्या सुताराची काळजी निराळी असते. उन्हानं जोड सुटू नयेत, याकडं त्याचा डोळा असतो.

आमच्या भागात लाकडाचं शहाणपण रुजलं त्याला कारण आहे. खानापूरचं रान आणि त्याला लागून हल्याळ, दांडेली, जोयड्याचं रान. सागवान, ऐन, किंदळ, नाणा, शिसव. दांडेलीच्या वनखात्याच्या डेपोतला सागवान लिलावात घ्यायला दूरदूरचे व्यापारी येत आलेत. अळणावर ते दांडेली ही रेल्वेची फाट्याची लाइनच मुळात लाकडासाठी पडली. शिसव कपाटाला, ऐन तुळयांना, बाभूळ नांगराला, फणस पाटाला आणि देवाच्या पेटीला, ही वाटणी गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायची. गावगाड्यात सुतार थोरल्या ओळीचा बलुतेदार होता. त्याच्यावाचून पेरणी अडायची, म्हणून सुगीत त्याच्या वाट्याच्या पेंढ्या आधी बाजूला निघायच्या. घाटाखाली सावंतवाडीत लाकडी खेळणी, इकडं गोकाकात लाकडी फळं आणि बाहुल्या, वर मिरजेत सतार आणि तंबोरे, असा हा सगळा पट्टा हाताच्या कामाचा आहे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपल्याला आनंद झाला. मग त्याच पट्ट्यातला, तसाच हात असलेला माणूस आपल्या गल्लीत असताना स्वयंपाकघर मात्र बाराशे मैलांवरच्या मापानं करावं, हे मला खटकतं.

सगळं सागवानातच करा, असं मी म्हणत नाही. सागवान आज सामान्य माणसाच्या खिशाबाहेर गेलाय, आणि रान तोडून कपाटं करावीत असंही कुणी म्हणू नये. बहुतेक काम प्लायवूडवरच होणार. पण प्लायवूड घेतानाही जवळच्या माणसाची नजर कामाला येते. प्लायच्या अंगावर आयएसआयचा शिक्का असतो आणि खाली आकडा असतो. आयएस ३०३ असेल तर त्यात दोन प्रतवाऱ्या येतात, एमआर आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा). एमआर म्हणजे दमटपणा सोसणारा, पाणी सोसणारा नव्हे. सिंकखाली तो लावला तर दोन पावसाळे पुरे. आयएस ७१० म्हणजे मरीन, त्याचा नमुना बहात्तर तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. शिक्क्यावर विश्वास नसेल तर काय करायचं, ते सुतारमामांच्या मुलानं मला दाखवलं. हा मुलगा आता पन्नाशीला आलाय, मच्छे रस्त्याला त्याची पत्र्याची शेड आहे. दोन दुकानांतून आणलेल्या दोन शीटच्या कोपऱ्यांतून त्यानं काडेपेटीएवढे दोन तुकडे कापले, आमच्याच गॅसवर जुन्या पातेल्यात घातले आणि झाकण ठेवलं. चार तास पातेलं रटरटत होतं, बायकोनं दोनदा पाणी वाढवलं. मग त्यानं तुकडे काढून नखानं पदर उचकटायचा प्रयत्न केला. एका तुकड्याचे पदर पोळीसारखे सुटले. दुसऱ्याचा एकही हलला नाही. "हे परत करूया, हे ठेवूया," एवढंच तो बोलला. पहिल्या दुकानात तो स्वतः जाऊन शीट परत करून आला. पडद्यावरच्या चित्रात मला हे कुणी दाखवलं नव्हतं.

दराबद्दलही मोकळं बोलू. 'चौरस फुटाला किती?' हा आपला पहिला प्रश्न असतो, आणि तिथंच फसगत होते. सात फूट उंच आणि सहा फूट रुंद कपाटाचा दर्शनी भाग बेचाळीस चौरस फूट. कंपनी त्यावरच दर सांगते, कारण आकडा छोटा दिसतो. आत लाकूड किती लागतं बघा. दोन फूट खोलीच्या कपाटाला दोन बाजू आणि मधला एक पडदा मिळून बेचाळीस, तळ आणि माथा मिळून चोवीस, दोन्ही कप्प्यांत तीन-तीन फळ्या म्हणजे छत्तीस, झडपा बेचाळीस. एकूण एकशे चव्वेचाळीस चौरस फूट. आठ बाय चारची शीट बत्तीस चौरस फुटांची, म्हणजे अठरा मिलिमीटरच्या साडेचार शीट, वाया जाणारं धरून पाच ते सहा. पाठीला सहा मिलिमीटरच्या दोन. हा हिशोब चांगला सुतार तुमच्यासमोर वहीत मांडतो. आत कुठला माल, बाहेर कुठला, बिजागऱ्या कुठल्या, चॅनेल कुठले, सनमायका किती जाडीचा, हे सगळं त्यात येतं. ज्या दरपत्रकात शीटची संख्या आणि शिक्क्याचा आकडा नाही, ते घेऊच नये. मग ते कंपनीचं असो की गावातल्या माणसाचं.

आणि एक गोष्ट मला फार जवळची वाटते. आमच्याकडं जुनी घरं पडतात तेव्हा तुळया, चौकटी, माळ्याच्या फळ्या भंगारवाल्याला मातीमोल जातात. साठ-सत्तर वर्षं छपराखाली मुरलेलं सागवान. एक इंच जाडीचं लाकूड नुसत्या हवेवर वाळवायला एक वर्ष धरा, असं जुने सुतार सांगायचे. या लाकडाला तर दोन पिढ्यांचं वाळवण मिळालेलं असतं. आमच्या गावाकडच्या घराची एक तुळई मी वाचवली. वखारीत चिरून घेतली तर आतून मधासारखा रंग निघाला. तिच्या पट्ट्यांच्या चौकटी करून मामांच्या मुलानं आमच्या फुगलेल्या कपाटाला नव्या झडपा बसवल्या. खिळ्यांची जुनी भोकं त्यानं बुजवली नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "राहू दे की. वडिलांनी मारलेले खिळे हायत ते." कुठलाही कारखाना तुमच्या आजोबांच्या घराची तुळई कापायला घेणार नाही. त्यांच्या यंत्राला ती चालतच नाही, आणि त्यात त्यांचा दोषही नाही. पण हे काम करणारा हात आपल्या भागात राहिला पाहिजे. नाही तर पुढची प्रत्येक तुळई सरपणात जाईल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा वेदगंगा-दूधगंगेच्या काठावरच्या नातेवाइकांकडं आम्ही पाणी ओसरल्यावर चिखल काढायला गेलो होतो. भुशाच्या फळ्यांची कपाटं अक्षरशः फावड्यानं काढून टाकावी लागली, त्यांचा लगदा झाला होता. आज्जीची लाकडी मांडणी आणि फडताळाची दारं तेवढी धुऊन उन्हात ठेवली. दार वाकडं झालं होतं, पण दार होतं. गावातल्या सुतारानं ते महिन्याभरात बसवून दिलं. त्या महिन्यात त्या माणसाला झोपायला वेळ नव्हता, आणि पैसे देण्याच्या अवस्थेत गावात कुणीच नव्हतं. त्यानं दिवाळीपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं.

आता उलट बाजू. आपल्या भागातल्या सुतारांबद्दलची तक्रार खोटी नाही, आणि ती झाकून मला बाजू मांडायची नाही. "उद्या येतो" म्हणून आठवडा जातो. तीन ठिकाणची उचल एकदम घेतात आणि मग एकीकडं झडपा, दुसरीकडं पॉलिश, तिसरीकडं नुसती चौकट उभी. भातकापणी लागली की मदतनीस गावाकडं जातात. बिल मागितलं तर चेहरा पडतो. सॉफ्ट-क्लोजची बिजागरी बसवायला लागणारी सूतभर अचूकता सगळ्यांकडं नसते, आणि कडेची पट्टी हातानं चिकटवली तर ती वर्षभरात सुटते, हेही खरं. तरुण जोडपी कंपनीकडं जातात ती शहाणपण नाही म्हणून जात नाहीत. दोघं नोकरी करतात, रोज घरी थांबून काम करून घ्यायला त्यांना वेळ नसतो. त्यांना तारीख हवी असते, आणि ती मागण्यात काहीच वावगं नाही.

पण ही स्थिती आली कशी, याचा अर्धा जाब आपल्यालाच द्यावा लागतो. सुतार तीन ठिकाणची उचल का घेतो? कारण त्यातल्या एका ठिकाणी शेवटचे पैसे बुडणार, हे त्यानं धरलेलं असतं. काम झालं की आपण म्हणतो, "मामा, हे जरा घासतंय, ते जरा रंगात वेगळं दिसतंय, बाकीचे बघू पुढच्या महिन्यात." कंपनीला आपण सगळे पैसे माल यायच्या आधी भरतो आणि सुताराचे काम संपल्यावरही अडवतो. कंपनीचा दर छापलेला असतो म्हणून त्यावर घासाघीस करत नाही, सुताराच्या वहीतल्या आकड्यातून मात्र हजार-दोन हजार कापल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. वर, "चहा दिलाय की दिवसातनं तीनदा," असं ऐकवतो. चित्र काढून, मापं घेऊन, दोनदा घरी येऊन गेलेल्या सुताराला काम दिलं नाही तर त्या फेऱ्यांचे पैसे कुणी देत नाही. वास्तुविशारदाला देतो. मापात बसणारं कपाट डोक्यात उभं करणं ही बुद्धीची मजुरी आहे, असं आपल्याला वाटतच नाही. हातानं काम करणाऱ्याच्या डोक्याची किंमत न करणं हे आपल्या समाजाचं जुनं दुखणं आहे, आणि बलुत्याच्या काळापासून आपण ते सांभाळून ठेवलंय.

त्याचा परिणाम डोळ्यांदेखत आहे. सुताराची पोरं या कामात येत नाहीत. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकायची सोय आहे, पण पालक फिटर, इलेक्ट्रिशियनकडंच बघतात. उद्यमबागेतल्या कारखान्यात महिन्याचा ठरलेला पगार मिळतो, रविवारी सुट्टी मिळते. त्या मुलाला कुणी दोष देऊ नये.

सरकारी योजना आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक कामं धरली आहेत, त्यात सुतारकाम आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपये, पाच टक्के व्याजानं तारणाशिवाय आधी एक लाख आणि मग दोन लाखांचं कर्ज, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये. बांधकामावर वर्षातून नव्वद दिवस काम करणाऱ्या सुताराला बांधकाम कामगार कल्याण मंडळाचं कार्डही मिळू शकतं. पण अर्ज भरायचा कुठं, कागद कुठले, हे सांगायला कुणी नाही. त्यातून सीमाभागातल्या मराठी सुतारापुढं कन्नडमधला छापील कागद आला की तो घडी घालून खिशात ठेवतो आणि तो तिथंच राहतो. आपल्याकडं गल्लोगल्ली युवक मंडळं आहेत, महिला मंडळं आहेत. दहा सुतारांचे अर्ज भरून देणं हे एका रविवारचं काम आहे, आणि माझ्या मते गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशात त्याहून चांगलं काही होणार नाही.

पतसंस्थांकडून माझी अपेक्षा जास्त आहे. बेळगाव, खानापूर, निपाणीत सहकारी पतसंस्थांचं जाळं आहे आणि त्या या मातीतल्या लोकांच्या ठेवींवर उभ्या आहेत. एका सुताराला पॅनेल कापायची करवत आणि कडेची पट्टी चिकटवायचं यंत्र परवडत नाही. आठ जणांना मिळून परवडतं. अशी एक सामाईक शेड उभी राहिली तर अचूकतेची आणि तारखेची तक्रार निम्म्यानं कमी होईल. बिलासाठी एक हिशोबनीस सगळ्यांना मिळून ठेवता येईल. अशा शेडला कर्ज देणं पतसंस्थेला अवघड नाही. आणि संस्थेची नवी शाखा उघडताना काउंटर, टेबलं, कपाटं कुठून येतात, हेही संचालकांनी एकदा बघावं. शाळेचे बाक, मंगल कार्यालयातली व्यासपीठं, वाचनालयाच्या मांडण्या, हीच ती कामं आहेत ज्यांवर एक शेड वर्षभर चालू शकते. घरगुती कामं लग्नसराईत आणि दिवाळीआधी गर्दी करतात, मधे महिनोन्‌महिने हात रिकामे असतात. तो मधला काळ संस्थांनी भरून काढायचा.

घरगुती कामाबद्दल माझी एक सूचना आहे, आणि ती मी स्वतः पाळायला लागलोय. शेवटचे पैसे अडवून ठेवायचे नाहीत. काम झालं, बघितलं, त्याच दिवशी हिशोब पुरा करायचा. पण सुरुवातीलाच दर ठरवताना त्यात पहिल्या पावसाळ्यानंतरची एक फेरी धरायची आणि तिचे पैसे कागदावर वेगळे लिहायचे. सुतार दसऱ्यानंतर येणार, झडपा समतल करणार, घासणारी कड तासणार, सैल बिजागरी आवळणार, आणि निघताना ते पैसे घेऊन जाणार. त्याला खात्री की हे पैसे त्याचेच आहेत, मला खात्री की तो येणार. आमच्या वडिलांच्या वेळी ही गोष्ट न लिहिता चालायची, कारण मामा दोन गल्ल्या सोडून राहायचे आणि सुगीत त्यांची पेंढी आमच्याच खळ्यावरून जायची. आता खळं नाही, म्हणून लिहावं लागेल.

आमच्या अपार्टमेंटच्या खालच्या मजल्यावर सभागृह आहे. तिथं भिंतभर कपाटं, सतरंज्या आणि खुर्च्या ठेवायला खणं, आणि पुस्तकांसाठी एक काचेची मांडणी करायची ठरलीय. दोन दरपत्रकं आलीत. एक बाहेरच्या कंपनीचं, रंगीत, सोळा पानांचं. दुसरं मच्छे रस्त्याच्या शेडमधून आलेलं, वहीच्या दोन पानांवर निळ्या शाईनं लिहिलेलं. त्यात शीटची संख्या आहे, आयएस ७१० लिहिलंय, कपाटाची पाठ भिंतीपासून किती पुढं राहील ते लिहिलंय. रक्कम थोडी जास्त आहे. शेवटची ओळ मी समोर बसून लिहून घेतली: 'पहिल्या पावसाळ्यानंतर एकदा येऊन सगळी दारं बघून जाणार.' खाली त्याची सही आहे, आणि सहीखाली त्यानं आपणहून घराचा पत्ता लिहिलाय. येत्या रविवारी सभा आहे. दोन्ही कागद मी सगळ्यांपुढं ठेवणार आहे, आणि ती शेवटची ओळ मोठ्यानं वाचणार आहे.